सील फोडलेला डबा

व्हिएतनाम-कंबोडियाच्या सहली नेते तेव्हा कंबोडियातल्या सिएम रीपच्या विमानतळापासून हॉटेलपर्यंत मी बसमध्ये कोणाला झोपू देत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेलं हे नवं विमानतळ शहरापासून बरंच लांब आहे आणि मला तेवढा वेळ लागतोच. अंगकोर वाटचा इतिहास आमचा तिथला गाईड सांगतो, माझ्यापेक्षा किती तरी चांगला. मी बोलते ते पैशांबद्दल.

डॉलरची नोट कोपऱ्यात जराशी फाटलेली किंवा शाईचा डाग पडलेली असली की कंबोडियात कोणी हातात घेत नाही. म्हणून मुंबई सोडायच्या आधीच मी प्रत्येकाला आपापल्या नोटा उजेडात धरून बघायला लावते. तरी बाजारात एक प्रकार होतो. तुम्ही कोरी वीसची नोट देता, विक्रेता ती घेऊन आत जातो आणि बाहेर येऊन म्हणतो, ही फाटकी आहे, दुसरी द्या. हातात खरंच फाटकी नोट असते, फक्त ती तुमची नसते. मोठी नोट देताना तिचे शेवटचे तीन आकडे त्याच्यासमोर मोठ्याने वाचा, एवढं पुरतं. अंगकोरची देवळं बघायच्या पासवर तुमचा फोटो असतो. एका दिवसाचा पास 37 डॉलरला, तीन दिवसांचा 62 ला. कोणी 'उरलेले दोन दिवस स्वस्तात घ्या' म्हणाला तर घेऊ नका, पहिल्याच तपासणीत परत पाठवतात. टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ॲपवरून बोलवायची. देवळाच्या अंधाऱ्या खोलीत कोणी हातात उदबत्ती दिली तर हात जोडून पुढे जायचं, घेतली की दक्षिणा आलीच.

तोनले साप सरोवरावर चोंग क्नेआसच्या बाजूने जाणं मी कार्यालयाशी भांडून बंद करून घेतलं. तिथे बोट मध्येच एका दुकानाला लावतात आणि शाळेतल्या मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या म्हणून अडून बसतात. भाव बाजारापेक्षा कितीतरी जास्त, आणि तुम्ही गेलात की ते पोतं पुन्हा त्याच दुकानात.

दुधाच्या डब्याबद्दलही मी सांगते. पब स्ट्रीटच्या आसपास रात्री कडेवर मूल घेतलेली एखादी बाई येते. पैसे नकोत म्हणते, बाळाला दूध हवंय म्हणते आणि तुम्हाला जवळच्या दुकानात नेते. तुम्ही डबा घेऊन देता. तुम्ही वळलात की डबा परत फळीवर जातो, पैसे दोघं वाटून घेतात. हे सगळं मी त्या ग्रुपलाही सांगितलं होतं आणि ज्या काकूंबद्दल लिहिते आहे त्या पहिल्याच सीटवर बसून ऐकत होत्या.

काकू एकात्मिक बाल विकास योजनेत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या होत्या. निवृत्त झाल्यावर बहिणीबरोबर सहलीला आलेल्या. देवळं बघताना मागे राहायच्या नाहीत, पण एखादं लहान मूल दिसलं की थांबायच्या. ता प्रोम देवळाच्या बाहेर बांगड्या विकणाऱ्या मुलीला त्यांनी काही विकत न घेता खुणांनी विचारलं, आज शाळा नाही का. त्याच मुलीशी आमच्या ग्रुपमधले दोघं एका डॉलरच्या बांगड्यांसाठी घासाघीस करत होते आणि मग दया येऊन तिला चॉकलेट देत होते. मला या दोन्ही गोष्टींचा राग येतो. शाळेच्या वेळेत मुलाकडून काही विकत घेतलं की उद्याही त्याला तिथेच उभं करणं घरच्यांना परवडतं.

त्या रात्री जेवणानंतर लोक पायाचं मालिश करून घ्यायला गेले होते. काकूंच्या बहिणीचा फोन आला, जरा इकडे ये. जुन्या बाजाराजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात काकू काउंटरपाशी उभ्या होत्या. शेजारी पंचविशीतली एक बाई, तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचं मूल. काउंटरवर दूध पावडरचा मोठा डबा. "नो मनी, ओन्ली मिल्क," ती बाई मला बघून पुन्हा म्हणाली.

"काकू, मी सांगितलं होतं ना."

"ऐकलंय मी. मला मूल बघू दे."

त्यांनी मुलाचा दंड अंगठा आणि तर्जनीत धरला. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते अतितीव्र कुपोषित धरतात. त्यासाठी रंगीत पट्टी असते, पण आयुष्यभर ती पट्टी गुंडाळलेल्या माणसाला बोटांनीही कळतं. मग पापणी खाली ओढून बघितली, ओठ जरा उघडून खालचे दोन दात बघितले. शेवटी तळपायाला टिचकी मारली. मूल किंचित हललं, डोळे उघडले नाहीत. बाहेर तीन दुकानांचं तीन प्रकारचं संगीत चालू होतं.

"दंड भरलेला आहे," काकू मराठीत मला म्हणाल्या. "दात वेळेवर आलेत. हे मूल उपाशी नाही. पण एवढ्या गोंगाटात आणि एवढं चाचपल्यावर या वयाचं मूल असं झोपून राहत नाही."

डब्यावर 28 डॉलरची चिठ्ठी होती, तिच्या खाली दुसरी चिठ्ठी. झाकणाला एका बाजूला पोचा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठ्या सुपरमार्केटात त्याच कंपनीचा तसाच डबा पाहिला, तो बराच स्वस्त होता. काकूंनी पैसे दिले आणि डबा बाईच्या हातात न देता स्वतःच झाकण काढलं. काउंटरवरचा मुलगा एकदम उठला, "नो ओपन, नो ओपन!" तोपर्यंत काकूंनी आतला चंदेरी पापुद्रा चावीने फाडला होता.

विक्रीची पावती झाल्यावर गिऱ्हाईक डबा उघडतं की डोक्यावर घेतं, याच्याशी दुकानदाराचा काय संबंध? त्या एका ओरडण्यात सगळा व्यवहार समजला. बाईचा चेहरा पडला. काकू तिला खुणेने विचारत होत्या, पाणी उकळतेस कशात, बाटली कुठाय. पावडर साध्या नळाच्या पाण्यात कालवली तर जुलाब होऊन मूल दगावू शकतं, हे त्यांनी मेळघाटात पाहिलेलं. बाईने डबा घेतलाच नाही. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गर्दीत निघून गेली.

काकूंच्या बहिणीने टाळ्या वाजवल्या. सकाळी बसमध्ये ही गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचली, लोकांनी काकूंचं कौतुक केलं, कोणी 'यांना असंच पाहिजे' म्हणालं. काकू गप्प होत्या. मीही. त्या बाईला काही कोणी जागा दाखवून द्यायची नव्हती. दिवसाला किती डबे 'विकायचे' हे ती ठरवत नसणार. ठरवणारा काउंटरमागे होता, आणि त्याच्याकडे 28 डॉलर राहिलेच.

मी रात्रीच चाइल्डसेफच्या हेल्पलाइनवर फोन केला होता. हे लोक रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतात आणि पर्यटकांना सांगतात, मुलाच्या हातात पैसे देऊ नका, आम्हाला कळवा. त्यांनी शांतपणे जागा, वेळ, मुलाचं वय आणि मूल कसं दिसत होतं ते विचारलं. 'मूल जागं होत नव्हतं' हे वाक्य मी काकूंच्या निरीक्षणामुळे सांगू शकले. माझ्या नजरेला ते एक झोपलेलं बाळ होतं.

त्या दिवशी दुपारी वेळापत्रकात रत्नांच्या दुकानाचा थांबा होता. हे थांबे का असतात ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथला स्थानिक एजंट त्यावर पैसे मिळवतो आणि म्हणून आमचा दर स्वस्त दिसतो. पब स्ट्रीटवरच्या बाईबद्दल आम्ही सावध करतो आणि वातानुकूलित दुकानात आम्हीच नेऊन बसवतो, हे मला पटत नाही आणि मी ते कार्यालयात बोलून दाखवलं आहे. काकूंनी मला विचारलं, इथे मुलांचं सरकारी रुग्णालय आहे का. मी त्यांना अंगकोरच्या रस्त्यावरचं कांथा बोफाचं जयवर्मन सातवा रुग्णालय दाखवलं. स्विस डॉक्टर बेआट रिचनर यांनी उभ्या केलेल्या या रुग्णालयांत मुलांवर मोफत उपचार होतात आणि पर्यटकांना रक्तदानाचं आवाहन केलेलं असतं. अंगकोरच्या प्रत्येक पासमधले दोन डॉलर तिकडेच जातात, म्हणजे बसमधल्या प्रत्येकाने काही न करता आधीच दिलेले होते. हे मी तोपर्यंत माझ्या बोलण्यात कधी घेतलं नव्हतं, आता घेते. काकू आणि आणखी चौघं उतरले, देणगी देऊन आले. बाकीचे बसमध्ये बसून वेळेची तक्रार करत होते. रत्नांच्या दुकानातली वीस मिनिटं त्यामुळे कमी झाली आणि एजंट माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

उघडलेला डबा काकूंनी कुठेही देऊ दिला नाही. हॉटेलच्या सफाई करणाऱ्या बाईने मागितला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, घरी बाळ किती महिन्यांचं, आईचं दूध मिळतं का. मिळत होतं. मग नाहीच दिला.

परत आल्यापासून आमचं फोनवर दोनदा बोलणं झालं आहे आणि आम्ही अजून एकमत नाही. काकूंचं म्हणणं, प्रत्येक पर्यटकाने सील फोडायला सुरुवात केली तर ही दुकानदारी महिन्याभरात बंद पडेल. मला वाटतं, सील फोडायला का होईना, आपण दुकानात जातो तेवढा वेळ ते मूल रस्त्यावर ठेवण्याला कारण मिळतं. काकूंना मूल बघता येतं. माझ्या बसमधल्या बाकी माणसांना येत नाही, त्यांना फक्त डबा फोडण्याचा आनंद मिळेल. पुढच्या ग्रुपच्या माहितीपत्रकात मी हा भाग घालायला दिला तर कार्यालयाने 'लोक घाबरतील' म्हणून काढून टाकला. त्यामुळे बसमध्येच सांगणार आहे: दुकानात जाऊ नका, मुलाचा फोटो काढू नका, जागा लक्षात ठेवा आणि लगेच मला फोन करा. काकू म्हणतात, एवढ्याने काही होत नाही.