तुम्ही विचारलंत म्हणून: मेल जाते, मग दिसत काहून नाही?

वरुड-मोर्शीकडचे संत्रावाले असोत की हिंगणघाटचे जिनिंगवाले, मी मेल सर्व्हरची कामं करतो हे कळलं की प्रश्न ठरलेला: "भाऊ, आमची मेल जाऊन राह्यली, पण व्यापाऱ्याले स्पॅममंधी सापडते. काहून?"

विचारणाऱ्याचा संशय मजकुरावर असतो. 'ऑफर' हा शब्द काढू का, फोटो लहान करू का. ते नंतर. मेल पाठवायचा ठरलेला नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ मध्ये ठरला तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच त्यात नव्हती, कुणीही कुणाच्याही नावानं मेल टाकावी. एसपीएफ (आपल्या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवरून यावी त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (यांत फेल झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) ही त्यावर मागाहून लावलेली ठिगळं. ती आपल्या डोमेनला नीट लागली आहेत का, हे आधी बघायचं.

त्याच्याही आधी मशीन कुठं आहे ते. ऑफिसातल्या ब्रॉडबँडवरच सर्व्हर चालवू, असं काही जण म्हणतात. नको. लाइट जाते हे कारण दुय्यम आहे. घरगुती कनेक्शनच्या आयपींचे, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांचे, पट्टेच्या पट्टे स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (जिथून थेट मेल येऊ नये अशा आयपींची यादी) आधीच असतात, तिथून निघालेली मेल बरेच सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. म्हणून डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर घ्यायचा.

आणि इथं बहुतेकांचं पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, राहून जातं. बाकी सगळ्या नोंदी डोमेनच्या पॅनेलमध्ये होतात, ही तिथं होत नाही. आयपी म्हणजे मक्त्यानं घेतलेलं वावर, सातबारा मालकाच्याच नावावर. म्हणून ही नोंद सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडेच करून घ्यावी लागते. त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे, आणि पोस्टफिक्सही (सर्व्हरवरचं मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) समोरच्याला तेच नाव सांगत असला पाहिजे. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी; जुना तो आयपीव्ही४) चालू असेल तर त्याचं पीटीआर वेगळं. ते नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा, नाहीतर जीमेलकडून काही मेल परत येतात, काही जातात, आणि कारण लवकर सापडत नाही.

एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच. जुनी तशीच ठेवून दुसरी टाकली की दोन्ही बाद. तिच्यात डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी जिथं असतात त्या व्यवस्थेच्या) चौकशा लागणारे संदर्भ जास्तीत जास्त १०. डीकेआयएमची चावी २०४८ बिटची ठेवा. ती २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, आणि पॅनेलमध्ये चिकटवताना नेमकी तिथंच तुटते. एसपीएफ आहे म्हणून डीकेआयएम टाळू नका: नागपूरच्या व्यापाऱ्यानं आपली मेल पुढं जीमेलवर वळवली असेल तर एसपीएफ सहसा फेल होतो, डीकेआयएमची सही मात्र मजकूर बदलला नाही तर टिकते.

डीमार्क सुरुवातीला फक्त बघ्याच्या भूमिकेत, म्हणजे 'नन'वर ठेवा आणि रिपोर्ट मागवा. मला या कामात खरा रस इथंच आहे. रिपोर्ट दिसायला किचकट, पण आपल्या नावानं कोण कोण मेल पाठवतंय ते त्यात निघतं: वेबसाइटचा फॉर्म, बिलं पाठवणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर, कुणीतरी सोडून गेलेली जुनी न्यूजलेटर सेवा. हे सगळे रीतसर केल्याशिवाय 'रिजेक्ट'वर, म्हणजे फेल झालेली मेल नाकारा असं सांगण्यावर, जाऊ नका, नाहीतर पहिली बिलंच अडतील.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही सक्तीचं केलं. "आपण कुठं एवढ्या पाठवतो?" असं लगेच ऐकू येतं. पण पीटीआर, आणि एसपीएफ-डीकेआयएमपैकी किमान एक, हे थोड्या मेल पाठवणाऱ्यालाही लागतंच.

एवढं करूनही नव्या आयपीची पत शून्यच असते. सहा महिने गप्प बसून अंबिया बहाराचा माल निघाल्यावर एका संध्याकाळी दोन हजार जणांना भाव पाठवले, तर पास असलेली मेलही स्पॅममध्ये पडेल. रोज थोड्या पाठवा, ओळखीच्या गिऱ्हाइकापासून सुरू करा. विकत घेतलेली यादी मात्र माझ्यासमोर काढू नका.

रोज लॉग बघणारं माणूस नसेल, तर मी स्वतःचा सर्व्हर लावायला नाहीच म्हणतो. पैसे देऊन तयार सेवा घ्या. डीएनएसच्या नोंदी तिथंही कराव्या लागतात, पण आयपीची काळजी त्यांची.

आता विचारायला याल तेव्हा स्पॅममध्ये पडलेली मेल जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल'नं उघडा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींसमोर पास आहे की फेल त्याचा फोटो आणा. मेल परतच आली असेल, तर ५५० पासून सुरू होणारा निरोप अख्खा पाठवा, अर्धा कापून नको.