बरगानची वर्षे मोजणारा कायदा

रुमानियात १९९० सालचा ११८ क्रमांकाचा एक कायदा आहे. कम्युनिस्ट हुकूमशाहीच्या काळात ज्यांनी तुरुंगात किंवा सक्तीच्या वसाहतीत दिवस काढले, त्यांना तिथे काढलेल्या प्रत्येक वर्षामागे ठरावीक रक्कम, अशा हिशेबाने दरमहा भत्ता मिळतो. शिवाय शहरातला ट्राम-बसचा प्रवास फुकट. आमच्या घरमालकीण आजी ट्राममध्ये तिकीट का काढत नाहीत, असे मी सहज विचारले आणि तेव्हा मला या कायद्याचा पत्ता लागला. वयोवृद्धांची सवलत असेल, असे मला वाटले होते. त्यांनी शांतपणे सांगितले, "ती वेगळी. ही बरगानची." बरगान म्हणजे त्यांना लहानपणी जिथे सक्तीने नेऊन ठेवले तो माळ.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा मला या कायद्याचा रागच आला. हजेरीपटावरून मजुरी वाटावी तसा यातनांचा भाव सरकारने ठरवावा, हे मला पटेना. तिमिशोआरा या रुमानियन शहरात राहू लागल्यापासून इथल्या लोकांच्या कागदवेडाने मी आधीच जेरीस आलो होतो, त्यामुळे हेही त्यातलेच एक खूळ असेल, असे मी धरून चाललो. पण आजींनी हकीकत सांगितली आणि तो राग ओसरला.

युगोस्लाव्हियाचे टिटो आणि सोव्हिएत संघाचे स्टालिन यांचे १९४८ मध्ये फाटले आणि युगोस्लाव्हियाची सरहद्द रुमानियाच्या राज्यकर्त्यांना एकाएकी शत्रूची सरहद्द वाटू लागली. ही सरहद्द बानातला, म्हणजे आमच्या या प्रांताला, लागून आहे. सरहद्दीपासून सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात जे कुणी 'भरवशाचे नाहीत' त्यांच्या याद्या तयार झाल्या. त्या याद्यांत जर्मन होते, सर्ब होते, चार एकर जास्त असलेले शेतकरी होते, टिटोबद्दल बरे बोलल्याचा संशय असलेले होते आणि पूर्वेकडच्या बेसाराबिया प्रांतातून रशियनांच्या भीतीने पळून आलेले, म्हणजे आधीच एकदा घर सोडून बसलेले निर्वासितही होते. १८ जून १९५१ च्या पहाटे, ऐन सणाच्या रविवारानंतर, सैनिक दारात उभे राहिले. आवराआवरीला काही तास मिळाले. सुमारे ४०,००० माणसे मालगाड्यांत भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, डॅन्यूबजवळच्या बरगानच्या मोकळ्या माळावर नेण्यात आली.

तिथे गाव नव्हते, हे आजी पुन्हा पुन्हा सांगतात. गव्हाच्या शेतात खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला एक खुंटी दाखवून 'हे तुमचे घर' असे सांगण्यात आले. आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. वडिलांनी गाडीतून आणलेले कपाट आडवे टाकले आणि पहिल्या रात्री दोन्ही मुली त्यात झोपल्या. बाकीच्यांनी जमिनीत खड्डे खणून वर चटया टाकल्या. मग चिखल आणि पेंढा तुडवून, लाकडी साच्यात विटा पाडून, उन्हात वाळवून प्रत्येकाने आपापले घर आपणच बांधायचे आणि ते हिवाळ्याआधी बांधून व्हायला हवे. छपराला बोरू किंवा काड. तिमिशोआराच्या कडेला असलेल्या ग्रामसंग्रहालयात अशा घराची प्रतिकृती आहे. ते घर नीटनेटके आणि पांढरे दिसते, आणि आजींना ते याचसाठी आवडत नाही.

अशी अठरा गावे उभी राहिली. ओळखपत्रावर सक्तीच्या वास्तव्याचा शिक्का, परवानगीशिवाय ठरावीक अंतरापलीकडे पाऊल टाकायचे नाही, आणि काम म्हणजे आजूबाजूच्या सरकारी शेतांवर कापूस वेचणे, भात लावणे. माळावर शेती पिकवायला मजूर हवे होते आणि संशयितांच्या याद्या तयारच होत्या. या दोन गोष्टी किती सोयीने जुळून आल्या, ते पाहिले की सरहद्दीच्या सुरक्षेचे कारण मला अर्धेच खरे वाटते. त्याच सुमारास डॅन्यूब ते काळा समुद्र या कालव्यावर कैद्यांकडून, आणि खटला न चालवताच डांबलेल्यांकडून, खडक फोडून घेतले जात होते. १९४९ मध्ये सुरू केलेला तो कालवा १९५३ मध्ये अर्धवट सोडून देण्यात आला आणि पुढे हुकूमशहा चाउशेस्कूने १९८४ मध्ये तो वाजतगाजत खुला केला.

बरगानच्या लोकांना १९५६ मध्ये परत जाऊ दिले. आजींच्या घरात तोवर दुसरे कुटुंब राहत होते. रिकाम्या झालेल्या काही गावांत मग तुरुंगातून सुटलेल्या राजकीय कैद्यांना ठेवले गेले. शेतकरी पक्षाचे नेते कोर्नेल्यु कोपोसू पंधरा वर्षे तुरुंगात काढून बाहेर आले, तेही रुब्ला नावाच्या अशाच गावात आणखी दोन वर्षे अडकले. पुढे यांतली बरीच गावे नांगराखाली गेली. आजींचा धाकटा भाऊ लतेश्तमध्ये जन्मला. ते गाव आता नकाशावर नाही.

भत्ता मिळवायचा तर पुरावा हवा, आणि तो पुरावा मिळाला ज्यांनी उठवले त्यांच्याच दप्तरात. कोणत्या गाडीतून किती माणसे, कोणत्या वसाहतीत, कोणत्या तारखेपर्यंत, सगळे नोंदलेले. माणसांना गुरांसारखे वागवणाऱ्यांनी वह्या मात्र सुवाच्य ठेवल्या होत्या. नव्या सरकारने त्याच वह्या उघडून त्यांतली वर्षे मोजली आणि त्यावर दर लावला. वर्षाला रक्कम लावण्याचा मला आलेला राग इथे गळून पडला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हे सगळे ऐकवल्यावर इथल्या सहकाऱ्याने मला विचारले की, लोकशाहीत असे काही होत नसेल ना? मी छाती काढून आणीबाणीचे एकवीस महिने आणि १९७७ ची निवडणूक सांगितली. पण मी सोलापूरचा. तारेच्या कुंपणातली सेटलमेंट माझ्याच शहरातली. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या नावांच्या नोंदवह्या केल्या, नंतर बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली, आणि सोलापूरच्या गिरण्यांना त्यातून मजूर मिळाले. ते सगळे इंग्रजांचे पाप, आमच्या सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो कायदा मोडीत काढला, म्हणजे बरगानमध्ये माणसे कोंडलेली होती त्याच काळात आम्ही माणसे सोडत होतो, असे मी ठासून सांगितले. हे खोटे नाही. पाठोपाठ त्याच लोकांवर नजर ठेवणारे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, हे मात्र मी सांगितले नाही.

सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला, त्या लोकांना वर्षामागे किती मिळाले? मी आरक्षण सांगितले: महाराष्ट्रात विमुक्त जातींना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, तीन टक्के. त्याला ते पटले आणि आम्ही कामाला लागलो. मला स्वतःला मात्र ते उत्तर अजून पुरेसे वाटत नाही. आरक्षण जमातीला आहे, पुढच्या पिढीच्या शिक्षणाला आणि नोकरीला आहे, आणि ते हवेच. पण कुंपणाच्या आत अमुक वर्षे हजेरी देत जगलेल्या एखाद्या म्हातारीला तिच्या त्या वर्षांबद्दल आपण काय दिले? हजेरीच्या वह्या तर आपल्याकडेही होत्या. आपला देश मोठा, माणसे अफाट, रुमानियाच्या मागे युरोप उभा, वगैरे कारणे मला तोंडपाठ आहेत आणि त्यांतली काही खरीही आहेत. तरीही ही वर्षे मोजायची असे १९५२ साली ठरवले असते, तर तेव्हा मोजून घेणारी माणसे हयात होती.