दिवस मावळायच्या आत
आज जयसिंगपूरजवळ एका जैन मित्राच्या गावी गेलो. त्यांच्या पर्युषण पर्वाचा सहावा दिवस, 'उत्तम संयम' या गुणाचा. पोचायला सहा वाजले, तर काकूंनी थेट ताटावरच बसवलं. "दिवस मावळायच्या आत आटपा!" कांदा-लसणाशिवाय आमटी एवढी झकास लागते, हे मान्य करणं जड गेलं.

आगाऊपणे काकांना विचारलं, "रानात नांगर घालता, तेव्हा किडे मरत नाहीत?"

"मरत्यात की," काका हसले. हिंसा चार प्रकारची, म्हणाले: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. घरकामात होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःला वाचवताना होते ती विरोधी. ठरवून मारणं ती संकल्पी, श्रावकानं, म्हणजे संसारी जैनानं, ती सोडायचीच. बाकीची होईल तेवढी कमी. "आत्मा मुंगीतबी तसलाच. तिला इंद्रियं तीन, तुला पाच, एवढाच फरक."

परतताना एसटीत डास चावला. हात उचलला, तसाच राहिला. डासाला किती इंद्रियं, ते विचारायचं राहिलंच!