हापूसच्या वेबसाइटचं काम मे महिन्यात सुरू होतं

रत्नागिरी-देवगडकडचे बरेच बागायतदार आता थेट घरपोच पेटी पाठवतात. वेबसाइटचा विचार मात्र डोक्यात येतो तो फेब्रुवारीत, मोहोर टिकून फळ सुपारीएवढं झालं की. तेव्हा उशीर झालेला असतो. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) तासाभरात मिळतं, पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची) कागदपत्रंही थोड्या दिवसांत होतात, पण पिकलेल्या फळाचा फोटो फेब्रुवारीत कुठून आणणार? मग इंटरनेटवरून कुणाचा तरी आंबा उचलला जातो. हापूस खाणारा माणूस फळाचा खांदा आणि सालीचा रंग बघून ओळखतो. चित्रात केसर निघाला की त्याचा विश्वास तिथेच संपला.

म्हणून पुढच्या हंगामाच्या वेबसाइटचे फोटो चालू हंगामातच काढून ठेवा. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढलेलं, देठासकटचं फळ. उघडी पेटी वरून, सगळी फळं दिसतील अशी. २०० ग्रॅमचं आणि ३०० ग्रॅमचं फळ एकाच वजनकाट्याशेजारी, कारण ‘मोठा’ म्हणजे केवढा हे शब्दांत कळत नाही. एकाच फळाचे पहिल्या, चौथ्या आणि आठव्या दिवसाचे फोटो. कापलेली फोड. आणि हे फार कमी जण करतात, पण साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) असलेलं फळ कापूनही एक फोटो घ्या. तो कुठे लागतो ते पुढे येईल. सकाळी नऊच्या आत, पडवीच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून काढा आणि सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरा. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या चित्रप्रकारात साठवला की दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि फोनवर काही फरक दिसत नाही. मूळ फोटो मात्र जपून ठेवा.

पानं किती लागतील हे वेबसाइट करणाऱ्याला विचारू नका, स्वतःच्या फोनला विचारा. हंगामात येणारे कॉल आठवडाभर वहीत लिहून काढले तर बहुतेक पाच प्रश्नांत बसतात. कधी मिळेल, डझनाला काय भाव, कच्चा येणार की पिकलेला, आमच्याकडे पोचवता का, आणि खराब निघाला तर काय. या पाचांची उत्तरं पहिल्या पानावर, फार न सरकवता दिसली पाहिजेत. घराण्याचा इतिहास आणि बागेचं वर्णन खाली चालेल.

नाव आणि मालकी

डोमेनचं नाव रोमन लिपीत असणार, आणि गोची तिथेच आहे. ‘आंबा’ कुणी एका ‘ए’ने लिहितो, कुणी दोन, ‘वाडी’त ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’ हा घोळ वेगळाच. नाव ठरवण्याआधी पाच जणांना फोनवर फक्त बोलून सांगा आणि टाइप करायला लावा. दोघांनी वेगळं लिहिलं तर ते नाव सोडा. डॉट इन किंवा डॉट कॉम पुरेसं आहे. डॉट भारतमध्ये देवनागरी नाव मिळतं आणि ते दिसतंही छान, पण फोनवर टाइप करताना ग्राहक अडखळतो आणि त्यावरचा ईमेल सगळीकडे चालतो असं नाही. ते जोडीला ठेवा, मुख्य नको.

डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच मोबाइलवर आणि तुमच्याच ईमेलवर घ्या. करणारा भाचा असो की शहरातली एजन्सी, त्यांच्या खात्यात घेतलेलं डोमेन त्यांचंच असतं, आणि तीन वर्षांनी संबंध बिघडले तर पेट्यांवर छापलेलं नाव हातचं जातं. आणखी एक बारीक गोष्ट. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच बंद पत्त्यावर जाते.

दुकान लागतं का?

दिवसाला दहा-पंधरा ऑर्डर असतील तर माझं मत स्पष्ट आहे: कार्ट, लॉगिन यांतलं काही नको. दर, तारखा, पोचवण्याची गावं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण असलेली साधी वेबसाइट पुरते. त्या बटणाच्या लिंकमध्ये ९१ आणि त्यापुढे लगेच दहा आकडी क्रमांक येतो. अधिकचं चिन्ह किंवा क्रमांकाआधीचं शून्य घालू नका, लिंक चालेलच असं नाही. लिंकमध्येच ‘नाव, पिनकोड, किती डझन, कोणता आकार’ असा मजकूर भरून ठेवला तर चार निरोपांचं काम एकात होतं.

ऑर्डर त्याहून वाढल्या की वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) घालून दुकान करावं. यात आंब्यापुरती सगळ्यात मोठी चूक होते ती साठ्याची. साबणाच्या वडीसारखी ‘हापूस, १ डझन’ अशी एकच वस्तू टाकून साठा मोकळा सोडला की एका रात्रीत शंभर ऑर्डर येतात, आणि झाडावर त्या आठवड्याला चाळीस पेट्यांचीच तयारी असते. आंबा तारखेने विका. ‘१२ एप्रिलची काढणी’, ‘१९ एप्रिलची काढणी’ अशा वेगळ्या वस्तू करा, प्रत्येकीत आकाराचे तीन पर्याय ठेवा, आणि साठा अंदाजाच्या सत्तर टक्केच भरा. उरलेला तीस टक्के माल अवकाळी पाऊस, थ्रिप्स (फुलकिडे) आणि घरच्या पाहुण्यांचा. काढणीच्या दिवशी जास्त निघाला तर आकडा वाढवता येतो. कमी निघाला तर लोकांचे पैसे परत करत बसावं लागतं.

आकार ग्रॅममध्ये लिहा. २५० ग्रॅमचं फळ म्हणजे डझन तीन किलो. खोका आणि पेंढा धरून कुरिअरच्या काट्यावर साडेतीनच्या पुढे जातं. त्यात बरेच कुरिअर आकारमानाचं वजनही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं आणि खऱ्या वजनाशी तुलना करून जास्त असेल ते धरायचं. ४० बाय ३० बाय १५ चा खोका ३.६ किलोचा ठरतो. खोका छापायला टाकण्याआधी हा हिशोब करा, दोन सेंटिमीटर उंचीने टप्पा बदलतो. आणि वाहतूक धरूनच दर लावा. शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेली रक्कम दिसली की ग्राहक निघून जातो.

पिनकोडची गंमत

पोचवण्याचा भाग पिनकोडने बांधायचा. वूकॉमर्सच्या शिपिंग झोनमध्ये पहिले तीन आकडे लिहून पुढे तारांकन दिलं की तो पट्टा घेतला जातो. मुंबईला ४००, पुण्याला ४११ एवढं लिहून बहुतेक जण थांबतात. त्याने ठाणं आणि नवी मुंबईचा मोठा भाग येतो, पण पनवेल ४१०२०६ आणि खारघर ४१०२१० आहे, वाघोली ४१२२०७. ही सगळी गिऱ्हाइकं ‘तुमच्या भागात सेवा नाही’ वाचून परत जातात, आणि तुम्हाला कळतही नाही. बरं, ४१० पूर्ण उघडावं तर लोणावळाही त्यातच येतं. अशा ठिकाणी पट्टा द्यावा: ४१०२०० पासून ४१०२९९ पर्यंत, मध्ये तीन टिंबं. त्यातही तुमची गाडी खरोखर जात नसेल असा पिनकोड येतोय का, ते एकदा यादी काढून बघा. उरलेल्या भारतासाठीच्या झोनमध्ये पोचवण्याची कोणतीच पद्धत ठेवायची नाही.

पिनकोडची चौकशी पहिल्या पानावरच करता आली तर उत्तम. तीन डझन निवडून, पत्ता भरून झाल्यावर नकार मिळालेला माणूस पुन्हा येत नाही.

पैसे

नाशवंत माल आहे, तेव्हा पेटी हातात पडल्यावर पैसे ही सोय ठेवू नये. पेमेंट गेटवे परवानगी देण्याआधी वेबसाइटवर पत्ता, गोपनीयता, अटी, परतावा आणि पोचवणीचं धोरण अशी पानं आहेत का ते पाहतो. ही पानं तयार नसणं हे अर्ज अडण्याचं नेहमीचं कारण. गेटवेचं शुल्क साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. आमरसाचे डबे त्याच वेबसाइटवर विकणार असाल तर त्याचा कर वेगळा, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांकही दाखवावा लागेल.

आता एक बिघाड, जो हमखास होतो. ग्राहक यूपीआय निवडतो, फोन त्याला पैशांच्या अ‍ॅपमध्ये नेतो, पैसे जातात, आणि तो ब्राउझरकडे परत न येता फोन खिशात टाकतो. पैसे आल्याची खबर वेबसाइटला मिळत नाही. वूकॉमर्स अशी ‘बाकी’ ऑर्डर साठा अडवायला नको म्हणून ६० मिनिटांनी आपोआप रद्द करतं. म्हणजे पैसे जमा, ऑर्डर रद्द, आणि ती पेटी दुसऱ्याला विकलेली. उपाय म्हणजे गेटवेच्या खात्यात जाऊन वेबहुक जोडणं, म्हणजे गेटवे स्वतःच वेबसाइटला कळवतो. जोडल्यावर चाचणीच्या पद्धतीत नव्हे, खऱ्या पैशांनी एक ऑर्डर करा आणि पैसे गेल्यावर मुद्दाम ब्राउझर बंद करा. ऑर्डर ‘प्रक्रियेत’ दिसली तरच जोडणी झाली म्हणायची.

तशीच दुसरी तक्रार: ‘दर बदलला तरी लोकांना जुनाच दिसतो.’ पान जलद उघडावं म्हणून बसवलेलं कॅशेचं प्लगइन जुनी प्रत दाखवत असतं. दर बदलल्यावर कॅशे रिकामं करा, आणि कार्ट व चेकआउट ही पानं त्यातून कायमची वगळा. दर पोस्टरच्या चित्रात तर कधीच लिहू नका. ते चित्र फिरत राहतं आणि मार्चचा भाव लोक मेमध्ये दाखवतात.

फॉर्म भरूनही ईमेल येत नसेल तर बहुधा फॉर्म ग्राहकाच्याच पत्त्यावरून पाठवल्यासारखा ईमेल पाठवतोय, आणि मेलसेवा तो बनावट समजून स्पॅममध्ये टाकते. पाठवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘उत्तर कुणाला’ या जागी घाला, आणि डोमेनच्या नोंदींत एसपीएफ व डीकेआयएम (ईमेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) भरा.

मराठी नीट दिसायला हवी

जुना मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) आणा, नाहीतर ग्राहकाला रोमन अक्षरांचा गोळा दिसेल आणि शोधातही काही सापडणार नाही. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. हिंदी ठेवली तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांतही मराठी वळणाचे ल आणि श येत नाहीत. फॉन्ट पक्का करण्याआधी ‘कैऱ्या’ आणि ‘दुसऱ्या’ लिहून बघा. तो ऱ्य तुटत असेल तर फॉन्ट बदला. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये शीर्षकांच्या अक्षरांत अंतर वाढवलेलं असतं, त्याने शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्य करा, आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकतात. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, नुसता ‘हापूस’ ४५ अक्षरांचा.

साका आणि सच्चेपणा

सर्वांत जपून लिहायचं पान परताव्याचं. साका फळ कापल्याशिवाय कळत नाही, आणि नेमका तोच फोटो ग्राहक पाठवतो. तेव्हा आधीच लिहा: साका म्हणजे काय, बाहेरून का दिसत नाही, आणि त्याखाली मे महिन्यात काढलेला तो फोटो. पुढे आकड्यात नियम. उदाहरणार्थ, डझनात एकापेक्षा जास्त फळं खराब निघाली तर पोचल्यापासून ठरावीक दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार असताना काढलेलं असतं आणि पिकायला आणखी आठ-दहा दिवस घेतं, म्हणून ‘२४ तासांत कळवा’ ही अट अन्यायाची आहे. सालीला सुरकुत्या पडणं म्हणजे खराब नव्हे, हेही तिथेच सांगा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि क्रमांक पानावर हवा.

हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण बाग या जिल्ह्यांत आहे एवढ्यावर जीआयचं चिन्ह लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. नोंदणी असेल तर क्रमांक छापा. आणि ‘कार्बाइडमुक्त’ एवढंच लिहून थांबू नका. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे, तेव्हा ते न वापरणं हा गुण कसा? पेंढ्याच्या अढीत पिकवता की कच्चाच पाठवता, ते लिहा.

हंगाम संपला की वस्तू पुसू नका. साठा शून्य करा, त्याच पानावर पुढच्या वर्षीसाठी नाव, मोबाइल आणि पिनकोड एवढीच नोंद घ्या. पानाच्या पत्त्यात वर्ष घातलेलं नसेल तर तेच पान पुढच्या मार्चमध्येही शोधात वर राहतं. वर्डप्रेस आणि प्लगइनची मोठी अद्यतनं (अपडेट) जूनमध्ये उरकून घ्या, भर हंगामात नको. सुरक्षेची असतील ती मात्र बॅकअप घेऊन लगेच. बॅकअप होस्टिंगवरच (वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सर्व्हरवरच) न ठेवता स्वतःकडे उतरवून घ्या. आणि डोमेनची तारीख बघा: फेब्रुवारी-एप्रिलमध्ये घाईने घेतलेल्या डोमेनची मुदतही ऐन हंगामात संपते. जूनमध्येच पुढच्या तीन वर्षांचे पैसे भरून टाका.