‘पण खरंच’ नावाचा गडी

दुपारी वीज गेली, पंखा थांबला, झोप काही येईना, म्हणून प्लेटोचं ‘क्रॅटिलस’ उघडलं. नावं खरी कशी ठरतात, यावरचा संवाद. सुरुवातच भांडणाने. क्रॅटिलस हर्मोजेनीसला सांगतो, सगळं जग तुला हर्मोजेनीस म्हणत असलं तरी ते तुझं नाव नव्हेच. का, ते विचारलं तर सांगत नाही. नुसताच शहाणपणाचा आव. सॉक्रेटीस खोडी काढतो: हर्मोजेनीस म्हणजे हर्मिसचा पोर; हर्मिस कमाईचा देव, आणि या पोराच्या हाती पैसा म्हणून टिकत नाही! बाप हिपोनिकस गडगंज, भाऊ कॅलियस सोफिस्टांवर (पैसे घेऊन शिकवणाऱ्या पंडितांवर) उधळतोय आणि हा कफल्लक. मला हाच आवडला.

त्याचं म्हणणं साधं. नाव म्हणजे लोकांनी ठरवलेलं. बदललं तरी नवं तेवढंच खरं. दाखला? आपण गुलामांची नावं बदलतो ना, तसं.

इथे मला मावशीचं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरलेले, नवरदेव अंगठीने नाव लिहितोय आणि आम्ही पोरं ताटात माना खुपसून. सासरी पहिल्या हाकेला मावशीने ओ दिली नाही, तर सगळे हसले म्हणे. आजी मात्र शेवटपर्यंत पोस्टकार्डावर पत्ता नवा आणि नाव जुनं घालायची. पत्र बिनचूक पोचायचं.

पुढे सॉक्रेटीस अक्षरांत शिरतो. ‘र’ म्हणताना जीभ थरथरते, म्हणून तो गतीचा; ‘ल’ म्हणताना घसरते, म्हणून गुळगुळीताचा. (मी मोठ्याने म्हणून पाहिलं. समोरच्या बाल्कनीतल्या काकू आत गेल्या.) क्रॅटिलस खूश; नाव वस्तूला साजेसंच असतं, हेच तर त्याचं म्हणणं. मग सॉक्रेटीस हळूच विचारतो, कठीणपणाला आपण ग्रीक ‘स्क्लेरोटेस’ म्हणतो, त्यात हा ‘ल’ काय करतोय? तरी कळतं ना? सवयीने कळतं, क्रॅटिलस म्हणतो. झालं! अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की पुढे क्रॅटिलसने बोलणंच सोडलं, नुसतं बोट हलवायचा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असे बरेच येतात.

इसवी सनपूर्व ३०० च्या आसपासचा ग्रीक तत्त्वज्ञ डायोडोरस क्रोनस तर हर्मोजेनीसच्याही वरताण. कुठलाही शब्द नाव म्हणून चालतो हे दाखवायला त्याने आपल्या एका गुलामाचं नाव ठेवलं ‘अल्ला मेन’. म्हणजे साधारण ‘पण खरंच’. मी खो खो हसले. भरबाजारात हाक: ‘पण खरंच, इकडे ये!’

आणि तो येत असणार. येणार नाही तर जाणार कुठे?