१८०३ चं युद्ध : कारण एक, निमित्त दुसरं

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा विषय निघाला की चर्चा पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या भित्रेपणावर येऊन अडकते. तो भित्रा होता, हे कबूल. पण एका माणसाच्या भित्रेपणामुळे ईस्ट इंडिया कंपनीची फौज दिल्ली, आग्रा, कटक आणि भरूच इथं एकाच वर्षात पोचत नाही. या युद्धाचं कारण बसईच्या तहाच्या कलमांमध्ये आहे आणि निमित्त त्यानंतरच्या सात महिन्यांच्या पत्रव्यवहारात. दोन्ही वेगवेगळं वाचायला हवं.

आधी घरातली आग. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. दीड वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ ला, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून बसईला पोचला. ३१ डिसेंबरला तह झाला.

त्यातलं मुख्य कलम तैनाती फौजेचं. पेशव्याच्या मुलखात कंपनीची किमान ६,००० पायदळाची फौज तोफखान्यासह कायम राहणार. तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांचा निवाडा कंपनी करणार आणि इतर सत्तांशी बोलणी कंपनीला विचारूनच करायची. फौज कंपनीच्या हुकमात आणि खर्च मात्र पेशव्याच्या माथी. निजामाने हीच व्यवस्था १७९८ आणि १८०० च्या तहांनी पत्करली होती. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना ती मान्य होणं शक्यच नव्हतं, कारण पुण्याच्या नावाने चालणारं सगळं राजकारण त्यांच्या हातून जात होतं. मला विचाराल तर युद्ध इथेच ठरलं.

आता निमित्त. मे १८०३ मध्ये कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्या फौजेच्या आधाराने बाजीराव पुन्हा गादीवर बसला. शिंदे तेव्हा बऱ्हाणपूरच्या बाजूला होते. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स त्यांच्या छावणीत जाऊन "तुमचा इरादा काय" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. भोसल्यांची भेट झाल्यावर लढाई की सलोखा ते कळवू, असं शिंद्यांनी सांगितलं. ते एक वाक्य कंपनीने उघड धमकी म्हणून धरलं आणि शेवटपर्यंत पुढे केलं. निजामाच्या सरहद्दीवरून फौजा मागे घ्या, ही मागणी आली. शिंदे-भोसल्यांचं उत्तर असं : आम्ही आमच्याच मुलखात आहोत, दिवस ठरवू, आम्ही बऱ्हाणपूरला जातो, तुमच्या फौजा त्याच दिवशी मद्रास, श्रीरंगपट्टण आणि मुंबईला परत जाऊ द्या. हा प्रस्ताव नाकारला गेला. ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली आणि लगेच युद्ध पुकारलं गेलं.

मुहूर्तही विचारपूर्वक साधलेला होता. मराठी फौजेचं बळ घोडदळात. भर पावसाळ्यात गोदावरी आणि तिच्या उपनद्या दुथडी भरल्या की घोडदळाला उतार मिळत नाही, हा वेलस्लीचा हिशोब. त्याने नद्या ओलांडायला कातड्याने मढवलेल्या टोपलीसारख्या होड्या करवून घेतल्या, तोफांसाठी म्हैसूरचे बैल आणले आणि धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून उचललं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला आणि त्याला पुढच्या स्वारीसाठी साठ्याची जागा मिळाली. शिंद्यांची तोफ इंग्रजांच्या तोफेहून कमी नव्हती. २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला त्या तोफांनी इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैलच मारले, आणि त्या दिवशी वेलस्लीची १,५०० हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. तरीही शिंदे हरले. पलटणींचे अंमलदार युरोपियन होते. त्यातल्या इंग्रज अंमलदारांना कंपनीने पेन्शनचं आमिष दाखवलं आणि अनेकांनी नोकरी सोडली. घोडदळ आणि पायदळ यांनी एकमेकांना साथ दिली नाही. यशवंतराव या लढाईत उतरलेच नाहीत. ते पुढच्या वर्षी एकटे लढले.

फ्रेंचांचा धोका, हे कंपनीचं सर्वांत मोठं समर्थन. त्यात अंश खरा होता : शिंद्यांच्या उत्तरेतल्या पलटणी पेराँ या फ्रेंचाच्या हाताखाली होत्या, आणि मे १८०३ मध्ये युरोपात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं होतं. पण अलीगढ ४ सप्टेंबरला पडल्यावर पेराँ काही दिवसांतच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ज्याच्या नावाने एवढी भीती उभी केली त्याला लढायचंच नव्हतं. धोका संपला तरी युद्ध थांबलं नाही. दिल्ली, लासवाडी, अडगाव, गाविलगड असं ते डिसेंबरपर्यंत चाललं. म्हणून मी फ्रेंचांना निमित्तच म्हणतो. लंडनमध्येही बसईच्या तहावर टीका झाली. १८०५ मध्ये आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याला परत जावं लागलं, पण घेतलेला बहुतेक मुलूख कंपनीकडेच राहिला.

परिणामांपैकी सर्वांत कमी बोललं जातं ते दुष्काळाबद्दल. होळकरांच्या फौजेने आणि पेंढाऱ्यांनी पुणे-नगरचा मुलूख आधीच लुटला होता, त्यात पाऊस गेला, आणि १८०३-०४ मध्ये दख्खनेत माणसं भुकेने मेली. नोकरी गेलेले स्वार पेंढाऱ्यांत मिसळले, आणि पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हेच १८१७ च्या युद्धाचं निमित्त झालं.

दुसरा परिणाम वऱ्हाडाचा. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. पुढे निजामाच्या नावाने कंपनीच्या अंमलदारांखाली हैदराबाद कंटिन्जंट ही फौज उभी राहिली. तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर साचत गेला, आणि १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्ट्याने लिहून घेतला गेला.