जिजीची ताठ मान

परभणीच्या आमच्या घरात माजघराच्या दारावर जिजीचा फोटो होता. जिजी म्हणजे माझी पणजी. खुर्चीत बसलेली, अंगावर शालू, नाकात नथ, हात मांडीवर, आणि मान अशी ताठ की बघणाऱ्याने आपला पदर सावरावा. या मानेने आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या मुलींचा छळ केला आहे. पोक काढून बसलं की आई फोटोकडे बोट दाखवायची. "निजामाच्या राज्यातसुद्धा कुणापुढे वाकली नाही ती. आणि तू बघ." दहावीचा निकाल असो की मुलगा बघायला येणार असो, जिजीची मान मध्ये यायचीच.

गेल्या वर्षी घर रिकामं करताना फोटो खाली काढला. फ्रेमचा मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला होता, तो निघून आला. आतल्या जाड कार्डाच्या पाठीवर फिकट सोनेरी इंग्रजी अक्षरं होती: राजा दीनदयाळ अँड सन्स, सिकंदराबाद, बॉम्बे. शंभर वर्षं आम्ही सगळे पुढूनच बघत होतो.

मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, पण पाठ वाचायला लागल्यावर नाद लागला. दीनदयाळ मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म 1844, जैन कुटुंब. रुडकीला इंजिनिअरिंग शिकले आणि 1866 मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला लागले. कॅमेरा हातात आला 1874 च्या सुमारास, म्हणजे तिशीत. होळकरांचं आणि गोऱ्या साहेबांचं पाठबळ मिळालं, छंदाचा धंदा झाला. पुढे सहाव्या निजामाने, महबूब अली पाशांनी, त्यांना आपला फोटोग्राफर केलं आणि 1894 मध्ये 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' असे किताब दिले. मुसव्विर म्हणजे चित्रकार. लढाई न करता 'जंग' झालेला माणूस! मुंबईचा स्टुडिओ 1896 चा. म्हणजे कार्डावर 'राजा' आहे आणि 'बॉम्बे'ही आहे, तर जिजी कॅमेऱ्यासमोर बसली ती 1896 नंतरच. पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते, तेव्हा हैदराबादला जाणंयेणं असणारच.

त्यातच कळलं की दीनदयाळांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता. उंच भिंती, आत सगळ्या बायका, आणि कारभार मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे. झालं. माझ्या डोक्यात चित्र तयार: मराठवाड्यातली नऊवारीतली जिजी, समोर काळ्या कापडाखाली मडमिणीचं डोकं. हे खरं आहे का ते बघायला निघाले. खरं सांगायचं तर, हे खरं ठरावं म्हणून निघाले.

रेल्वेने परभणीहून सिकंदराबाद. रात्रीचा प्रवास, झोप नाही, वरच्या बर्थवरचे काका नांदेडपासून घोरत होते. हॉटेल स्टेशनजवळचं, पंखा चालू केला की ट्यूबलाइट मंद व्हायची. पहिला दिवस एका कचेरीत गेला, तिचं नाव घेत नाही. जुनी कागदपत्रं बघायला पत्र आणा, पत्र कुणाचं ते आणा, मग ते साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी चौमहल्ला, झुंबरं, चारमिनार, इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं, दुखरे पाय. दीनदयाळांच्या घराण्याचा पत्ता मात्र लागला नाही. पुस्तकात असतं तेवढंच हाती राहिलं: ग्यानचंद आणि धरमचंद ही दोन मुलं धंद्यात होती, धरमचंद 1904 मध्ये गेला, वर्षभरात बापही गेला. कार्डावरचे ते 'सन्स' मला आधी नुसते दुकानाचे शेपूट वाटले होते.

तिसऱ्या दिवशी हार मानून सिकंदराबादच्या जनरल बाजारात साड्या बघत हिंडत होते. एका बोळात फोटो स्टुडिओ दिसला. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पाच मिनिटांत. काउंटरवर सत्तरीपुढचे एक चाचा. सवयीने त्यांना विचारलं, दीनदयाळांचा स्टुडिओ कुठे होता माहीत आहे का? म्हणाले, "उनो कौन? उस्ताद थे क्या?" मी पिशवीतून जिजी काढली.

माणूस बदलला. आधी हात पुसले. कार्ड कडांनी धरलं. बोटांचे ठसे पाडणाऱ्या त्या कचेरीतल्या कारकुनाची मला आठवण झाली. चेहरा बघितलाच नाही, आधी पाठ बघितली, मग कडेने कागदाची जाडी. "अंडे का कागज होना, या फिर जिलेटिन," म्हणाले. जुन्या काळी फोटोच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असायचा म्हणे. मला हसू फुटलं. एकादशीला साबुदाण्यातही मीठ कुठलं म्हणून विचारणारी आमची जिजी, आणि तिची छबी अंड्याच्या पांढऱ्यावर, नाहीतर हाडांच्या खळीवर! आईला हे सांगायचं नाही, असं तिथेच ठरवलं.

मग ड्रॉवरमधून भिंग निघालं. त्यांचे वडील काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलने काम करायचे म्हणे, सुरकुत्या घालवायचे, त्यांचंच ते भिंग. चाचा एकेक दाखवत गेले. डोळ्यांखाली पेन्सिलीचे बारीक फराटे. मागचा खांब आणि झाडं म्हणजे रंगवलेला पडदा, त्याची खालची कड गालिच्यावर दुमडलेली. नथीचे मोती प्रिंटवर ब्रशने उजळलेले. मग भिंग खाली आलं, खुर्चीच्या मागच्या पायापाशी, आणि थांबलं.

"ये देखो. ये पाँव कुर्सी का नै."

मी बघितलं. खुर्चीच्या लाकडी पायामागे एक तिसराच पाय होता. काळा, लोखंडी, खाली जड पसरट बैठक. आयुष्यभर तो फोटो बघितला, तो पाय मला कधी दिसला नव्हता. चाचांनी काउंटरमागून येऊन आपल्याच मानेमागे दोन बोटांचा चिमटा करून दाखवला. एक्स्पोजर चालू असताना माणूस हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड लावायचे, वरच्या टोकाला चिमटा, तो डोक्यामागे बसायचा. कोरड्या काचा, म्हणजे आधीच मसाला लावून ठेवलेल्या निगेटिव्हच्या काचा, आल्यावर बाहेरच्या उन्हात फोटो झटकन निघू लागले होते, पण स्टुडिओतल्या उजेडात क्षण दोन क्षण तरी हलून चालायचं नाही. हललं की चेहरा धूर.

"अम्मा, ये गर्दन इनकी नै है. इस्टँड की है."

मला तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसावं लागलं. राग आला, कुणावर ते कळेना. तीन पिढ्या मुलींना जिच्या नावाने ताठ बसवलं, ती स्वतः चिमट्यात होती. मग वाटलं, किती वेळ बसवली असेल? विशीही उलटली नसेल तिची तेव्हा. परभणीहून इतक्या लांब आणलेली, अंगावर उसने असतील असे दागिने, आणि कुणीतरी मागून गार लोखंड मानेला लावतंय. ते कुणी लावलं? म्हणून मग ती लेव्हिकबाईच असावी असं मला जास्तच वाटायला लागलं. निदान बाईचे हात असावेत.

चाचांना जनाना स्टुडिओबद्दल विचारलं. त्यांनी खांदे उडवले. त्यांना त्यात काही रस नव्हता, ते अजून पेन्सिलीचे फराटे बघत होते. "काम देखो," एवढंच दोनदा म्हणाले. चहा मागवला, पैसे घेतले नाहीत. आमच्याकडच्या लग्नघरातही हल्ली इतक्या मनापासून चहा मिळत नाही.

निघताना वाटलं, आपणही एक फोटो काढावा. निळ्या पडद्यासमोर बसले. चाचा कॅमेऱ्यामागून म्हणाले, "गर्दन हिलाव नक्को." आठ फोटो, ऐंशी रुपये. पाठीमागे काहीच छापलेलं नाही, मी मुद्दाम उलटून बघितलं.

संध्याकाळी आईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं, अंड्याचा भाग सोडून. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "असेल. पण चिमटा काढल्यावरसुद्धा ती तशीच बसायची, मी पाहिलंय ना." आईच्या जन्माआधी जिजी जाऊन चार वर्षं झाली होती. मी काही बोलले नाही.

रात्री तिला माझा नवा फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं: "छान आहे. मान जरा वर हवी होती."